प्रवेश मिळाल्यानंतर



या व्याख्यानमालेत मी पंचवीस वर्षे श्रोता म्हणून मागच्या बाकावर बसत आलो. आज चालकांनी मला पुढे उभे केले आहे आणि विषयही त्यांनीच दिला आहे : गरिबांच्या मुलांचे उच्च शिक्षण. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील एका गिरणीच्या साचेखात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले. त्यांतली हजारो माणसे पुढे सातारा, कोल्हापूर, कोकणात आपापल्या गावी परतली, तसे आम्हीही परतलो. मग मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरू लागलो, काही वर्षांनी मागावर उभा राहिलो आणि शेवटी युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा महाविद्यालयाविषयी मी बोलणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने नदीविषयी बोलण्यासारखे आहे. परंतु काठावर उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट नीट दिसते : कोण पाण्यात उतरले आणि कोण मध्येच परत आले. त्या परत आलेल्यांविषयी मला आज सांगावयाचे आहे.

२०१० सालची गोष्ट. आमच्या सभासदांपैकी एका वहिफणीवाल्याचा मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आणि पुण्याकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. बापाने साऱ्या कारखान्याला पेढे वाटले. युनियनच्या कचेरीत आम्ही मुलाचा नारळ देऊन सत्कार केला, मी भाषणही ठोकले. पुढच्या फेब्रुवारीत तोच मुलगा बापाबरोबर माझ्यापुढे उभा राहिला. मान खाली. "आण्णा, दोन विषय गेले. नापास झालो," एवढेच बोलला. बाप म्हणाला, "आता तुम्हीच काय ते सांगा." मला माझी शाळा आठवली. आमच्या वेळी नापास म्हणजे त्याच वर्गात पुन्हा वर्षभर. फी, खोलीचे भाडे, खाणावळ हे सगळे पुन्हा कोठून आणायचे? मी म्हणालो, "शिक्षण सगळ्यांच्या नशिबात नसतंय बाबा. उद्यापासनं कारखान्यात ये." आणि मीच मालकाकडे शब्द टाकून त्याला कामाला लावले.

त्यानंतर दोन वर्षांनी दुसऱ्याच एका कामासाठी मी एका महाविद्यालयाच्या कचेरीत बसलो होतो. तेथल्या कारकुनाच्या तोंडून ए.टी.के.टी. हा शब्द ऐकला आणि अर्थ विचारला. तो म्हणाला, 'अलाउड टू कीप टर्म्स', म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या सत्रात बसण्याची मुभा. राहिलेले विषय नंतर द्यावयाचे. किती विषय राहिलेले चालतात हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर असते. परंतु पहिल्या सत्रात दोन विषय राहिले म्हणून कोणी घरी बसत नाही. इतरांबरोबर पुढचे शिकत राहतो. हे ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. नोकरदाराच्या घरी ही गोष्ट थोरला भाऊ सांगतो, मामा सांगतो, शेजारचा मुलगा सांगतो. आमच्या मुलाला सांगणारे कोणी नव्हते. ज्याच्याकडे तो विचारायला आला त्यानेच, म्हणजे मी, त्याला परत मागावर उभा केला. आज तो उत्तम जॉबर आहे. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिलेला नाही, आणि तेच मला अधिक लागते.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. आमच्या सभासदांच्या मुलांपैकी कोणी महाविद्यालयात गेले की त्यात नाव लिहावयाचे, आणि कोणी परत आले तर केव्हा आणि कशामुळे तेही लिहावयाचे. ही काही संशोधकाची वही नव्हे. पण वर्षानुवर्षे ती चाळताना एक गोष्ट मनात पक्की झाली. मुले बहुधा शेवटच्या वर्षी सोडत नाहीत. प्रवेश आणि पहिल्या परीक्षेचा निकाल यांच्यामधल्या सहा-आठ महिन्यांत सोडतात. आणि कारणांच्या रकान्यात 'अभ्यास झेपला नाही' असे जेथे मी प्रथम लिहिले, तेथे नीट चौकशी केल्यावर बहुतेक वेळा खोडून दुसरेच लिहावे लागले : पैसे वेळेवर आले नाहीत, राहण्याची सोय मोडली, कामापायी हजेरी गेली, शिकवलेले समजत नव्हते आणि कोणाला विचारावे ते कळले नाही. म्हणून आज माझे म्हणणे एवढेच आहे : आपण गावातली माणसे मुलाला प्रवेशापर्यंत पोचवतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. खरी मदत त्यानंतरच्या सहा महिन्यांत लागते.

आधी देशाचा हिशेब पाहू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात नोंदलेले होते. अठरा ते तेवीस या वयाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण शेकडा २८.४ पडते. अनुसूचित जातींसाठी ते २५.९ आणि अनुसूचित जमातींसाठी २१.२ आहे. म्हणजे अंतर अजून आहे, पण दार पूर्वीसारखे बंद राहिलेले नाही. मात्र हा आकडा पटावरच्या नावांचा आहे, हे विसरू नये. आम्ही युनियनवाले मस्टरही पाहतो आणि पगारपत्रकही पाहतो. मस्टरवर नाव आहे म्हणजे पगार हातात पडला, असे आम्ही धरून चालत नाही. पटावर आलेले नाव पदवीपर्यंत गेले की नाही, हे वेगळे विचारावे लागते.

आता कारणे एकेक घेऊ. पहिले कारण पैसा. परंतु त्यातही पैशाची वेळ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना शुल्कात सवलत देणारी ई.बी.सी. योजना यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली आली. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. हे सारे चांगले आहे आणि ज्यांनी ते लढून मिळविले त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु शिष्यवृत्ती म्हणजे खिशातली नोट नव्हे. तिच्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा दाखला लागतो, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात पडताळणी लागते, आधारला जोडलेले बँकेचे खाते लागते. मग महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज, मग महाविद्यालयाची तपासणी, मग खात्याची मंजुरी, मग हप्ता. यात एक कागद अडला की सगळेच अडते; आणि काही अडले नाही तरी पैसा प्रवेशाच्या दिवशी येत नाही. तो पुढे कधीतरी येतो. मधल्या काळात खोलीवाला थांबत नाही आणि खाणावळवाली बाईही थांबू शकत नाही, कारण तिलाही वाण्याचे द्यावयाचे असते.

कामगारांना ही गोष्ट चटकन समजते. १९३६ साली पगारवाटपाचा कायदा झाला. त्याने मालकावर बंधन घातले : हजारांहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि अधिक असतील तर दहा तारखेच्या आत पगार वाटला पाहिजे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की उशिरा मिळालेला पगार मधल्या दिवसांत सावकाराच्या घरी जातो. मजुरीला तारीख मिळाली, तशी शिष्यवृत्तीला मिळालेली नाही. विद्यार्थ्याला अर्जाची शेवटची तारीख असते, फी भरण्याची शेवटची तारीख असते, परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख असते. त्याला पैसे देणाऱ्याला मात्र तशी तारीख पाळावी लागत नाही. सरकारकडे मागणी करावयाची असेल तर मी पहिली हीच करीन.

तारखेची ताकद किती असते त्याचे उदाहरण अलीकडचेच आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला धनबादच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली. जागा राखण्यासाठी २४ जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत १७,५०० रुपये भरावयाचे होते. पैसे जमवता जमवता वेळ संपली आणि जागा गेली. मुलगा एकामागून एक दारे ठोठावीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा हुकूम दिला. न्याय झाला. पण विचार करा, १७,५०० रुपयांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आपला असाधारण अधिकार बाहेर काढावा लागला. त्या दुपारी गावात एका माणसाजवळ तेवढे पैसे हाताशी असते तर तीन महिने आणि इतक्या मोठमोठ्या माणसांचा वेळ वाचला असता. आणि दिल्लीपर्यंत न पोचलेली मुले किती असतील!

दुसरे कारण छप्पर आणि भाकरी. शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असा आपला समज असतो. परंतु परगावी शिकणाऱ्या मुलाचा मोठा खर्च पोटाचा आणि खोलीचा असतो, आणि शुल्कमाफी तेथपर्यंत पोचत नाही. ही गोष्ट आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षणाचा विचार केला तेव्हा वसतिगृहांवर भर दिला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यानंतर निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर शाळा तो स्वतः गाठतो, हे महाराजांनी जाणले होते.

तोच धडा कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे नेला. ते आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे. स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले आणि हिंडताना त्यांनी खेड्यातली पोरे पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्यास आली आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते तेथल्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत होती. एकदा वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, हे सातारकडच्या प्रत्येक घरात सांगितले जाते. मग १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना महाविद्यालयापर्यंत गेली. मुलगा काही वेळ संस्थेच्या शेतात किंवा बांधकामावर श्रम करी आणि त्याच्या मोबदल्यात शिके. येथे बारकाईने पाहा. भाऊरावांनी मुलाला नुसते पैसे दिले नाहीत. भाकरी, झोपायला जागा, अभ्यासाला आड येणार नाही असे काम आणि सोबती, ही चारही एकाच ठिकाणी दिली.

ही चार सुटी सुटी झाली म्हणजे काय होते, ते आजच्या मुलांत दिसते. मुलगा पुण्यात शिकतो. रात्री कोठे पहारेकरी म्हणून उभा राहतो किंवा दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवतो. कमावतो आणि शिकतोही, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण पहाटे झोपलेला मुलगा सकाळच्या तासाला पोचत नाही, हजेरी कमी पडते, मग परीक्षेला बसता येत नाही. काम शिक्षणाच्या वेळेला जुळवून घेणारे हवे किंवा शिक्षण कामाच्या वेळेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून. वेळ ही गरिबाची पहिली शिष्यवृत्ती आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० साली आठवड्याची सुटी मिळवून दिली. तो रविवार नसता तर माझ्यासारख्याच्या हाती पुस्तक आले नसते.

निर्वाहासाठी आज काही योजना आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. यांतल्या कोणत्या योजनेत आपला मुलगा बसतो हे बापाला ठाऊक नसते. आणि पुष्कळदा ठाऊक होते तेव्हा तारीख उलटलेली असते.

तिसरे कारण भाषा, आणि भाषेबरोबर येणारी लाज. मराठी शाळेतून दहावी-बारावी झालेला मुलगा एकदम इंग्रजी व्याख्यानापुढे बसतो. गणित त्याला येत असते, पण गणिताचा प्रश्न कळत नाही. जर्नल, सबमिशन, व्हायव्हा, बॅकलॉग हे शब्द इतरांच्या तोंडी सहज असतात. हा विचारीत नाही, कारण विचारले तर सगळे मागे वळून पाहतील. शेवटच्या बाकावर बसतो, मग तासाला जाणे टाळतो, मग खोलीतच राहतो. कोणी आडनाव विचारून अंतर ठेवू लागले तर बोलणे आणखी खुंटते. मुलींच्या बाबतीत घरचा धीर आधीच कच्चा असतो. एक वाईट निकाल आला की स्थळ पाहणे सुरू होते. मी ज्याला मागावर पाठविले तो मुलगा मला पुढे म्हणाला, "आण्णा, सहा महिन्यांत मला नावानं हाक मारणारं तिथं कोण नव्हतं." दोन विषय राहिले हे निमित्त होते.

येथे कोणी म्हणेल, बुद्धी असेल तर माणूस कसाही शिकतो. बाबासाहेब शिकले नाहीत का? हे उदाहरण मला नेहमी दिले जाते, म्हणून बाबासाहेबांचीच हकिकत पाहा. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारे बिऱ्हाड. मुलाला निजायला जागा आणि अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील स्वतः रात्री जागत आणि दोन वाजता त्याला उठवून त्याच्या जागी आडवे होत. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना हेरले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांचा विषय नेला. १९१३ साली अमेरिकेला जाताना बडोदा सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती आणि ती तीन वर्षांसाठी बोललेली होती. मुदत संपली तेव्हा १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. म्हणजे एवढ्या बुद्धीच्या माणसालाही पैशाने मध्येच थांबविले. पण चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडनमध्ये मिळालेली होती. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचा हात, यांवर ते १९२० साली परत गेले. बुद्धी त्यांची होती. ती वाया जाऊ नये म्हणून बाप, गुरुजी, दोन राजे आणि एक मित्र उभे होते. आणि खंड पडला तरी परतीची वाट मोकळी होती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघाले ते अशाच राहून गेलेल्यांसाठी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही मध्येच थांबून पुन्हा जोडून घेण्याची सोय धरली आहे. या सोयी कागदावर आहेत, तोवर त्यांची माहिती मुलाच्या घरी पोचविणे हे आपले काम आहे.

दुसरे कोणी म्हणतील, लोकांच्या पैशाने या सवलती किती दिवस? त्यांना जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे उत्तर दिले आहे. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांसाठी, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मागावर बारा तास उभा राहणारा माणूस कापड घेताना करही भरतो. त्याच्या मुलाला जे मिळते ते दान म्हणता येणार नाही. आणि तिसरे कोणी म्हणतील, सगळ्यांनी महाविद्यालयात कशाला जावे? हे मला मान्य आहे. चांगला जॉबर, चांगला वायरमन यांची मला पुष्कळ किंमत आहे. फक्त तो जॉबर व्हावा तो स्वतःच्या पसंतीने. माझ्यासारख्या अर्धवट माहितीच्या माणसाच्या सल्ल्याने होऊ नये.

आता आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण ते कोणत्याही गावात करता येईल. निकाल लागण्यापूर्वी, मे महिन्यातच, युनियनच्या कचेरीत एक टेबल मांडतो आणि दाखले तपासतो. निकालानंतर तहसील कचेरीत गर्दी होते, म्हणून दाखल्याचे काम आधी. दुसरे, कारखान्यात भिशी चालते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच चालीवर एक शिक्षणभिशी ठेवली आहे. प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या वेळी मुलाला त्यातून बिनव्याजी रक्कम मिळते. शिष्यवृत्ती आली की ती परत भिशीत पडते आणि दुसऱ्याच्या कामी येते. रक्कम मोठी नसते. पण ती त्याच दिवशी मिळते. तिसरे, त्या त्या शहरात आधी गेलेल्या आपल्याकडच्या मुलाचा किंवा मुलीचा पत्ता नव्याला देतो आणि पहिल्या दिवशी त्याने बरोबर जावे असे ठरवून देतो. चौथे, दिवाळीला मुले घरी आली की त्यांना कचेरीत बोलावतो. 'अभ्यास कसा चालला?' असे विचारले की सगळी 'बरा चाललाय' म्हणतात, म्हणून तो प्रश्न विचारावयाचा नाही. विचारावयाचे ते चार : कोठे झोपतोस, दोन वेळ काय जेवतोस, हजेरी किती आहे, कोणाचे देणे आहे? उत्तरांत अडचण आपोआप दिसते. आणि पाचवे, पहिल्या निकालानंतर, मुलगा घरी येण्याची वाट न पाहता, कोणीतरी त्याच्याकडे जाऊन येतो. जाताना त्याच्या विद्यापीठाचे ए.टी.के.टी.चे नियम मराठीत लिहून नेतो.

हे सारे आम्ही अडाणीपणाने, चुकत चुकत करतो. आपल्यापैकी पुष्कळांजवळ यापेक्षा अधिक आहे. येथे निवृत्त कारकून बसले आहेत, त्यांना अर्ज कोठे अडतो हे आमच्यापेक्षा चांगले कळते. बँकेतली मंडळी आहेत. प्राध्यापक आहेत, परीक्षेच्या नियमांचे एक पान सोप्या मराठीत त्यांनी लिहून दिले तर ते छापण्याचा खर्च युनियन करील. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस शिकून नोकरीला लागली आहेत, त्यांनी त्या मुलांचा फोन नंबर द्यावा. महिन्यातून एकदा एका नवख्याला नावाने हाक मारणे एवढेच त्यांच्याकडून हवे आहे.

जून जवळ आला आहे. पुन्हा निकाल लागतील, पेढे येतील, आपण सत्कारही करू. सत्कार जरूर करा, मीही करीन. फक्त नारळ हातात देताना त्या मुलाचा पत्ता लिहून घ्या आणि दिवाळीत त्याच्या घरी जा. आमचे टेबल मेच्या पहिल्या सोमवारपासून संध्याकाळी सहा ते नऊ मांडलेले असते. शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत.